कोरड्या पाइपाला पूर

बंद पडलेल्या धुलाई-कारखान्याच्या हॉलमध्ये त्या दिवशी जेवढे पाय जमले होते, तेवढे एका जागी थोरलीने आजवर फक्त चपलांच्या सेलमध्ये पाहिले होते. सुजलेले पाय, भेगाळलेले पाय, बँडेज बांधलेले पाय, आणि काही अगदी धडधाकट पाय, जे नुसतेच बघायला आले होते. सगळ्यांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. त्यामुळे आत शिरल्यावर चमत्काराच्या आधी वास भेटत होता.

हॉलच्या मधोमध, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक जाडजूड लोखंडी पाइप या भिंतीतून निघून त्या भिंतीत शिरत होता. कारखाना चालू होता तेव्हा त्यातून पाणी यायचं. कारखाना बुडाला, पाणी तुटलं, पाइप गंजत पडला. आणि आता, आयुष्यभर कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेला हा पाइप एकदम देवत्वाला पोचला होता. माणसांनासुद्धा इतकी झटपट बढती मिळत नाही.

पाइपबाबा आले. उंची बेताची, दाढी पुरेशी, आवाज मात्र दुमजली. त्यांनी सगळ्यांकडे दयेने पाहिलं आणि पाइपाशेजारच्या फुगीर गादीवर, अंड्यांच्या टोपलीवर बसावं इतक्या जपून बसले.

आणि पाइप थरथरला.

घुंऽऽऽऽ.

"आला! प्रवाह आला!" गर्दी ओरडली.

"पाणी वाहतं ते नळाला!" बाबा गरजले. "पाण्याविना वाहतं ते मुळाला! पाण्याने वाढतं बिल, प्रवाहाने वाढतं बळ! डोळे मिटा, पाय टेका, शंका फेका!"

"वाहू दे! वाहू दे!" गर्दी.

रांगेतले पाय एकेक करून पाइपाला टेकू लागले. एक आजोबा "पोटरीत गुदगुल्या होतात हो!" म्हणून हसत सुटले. एक बाई हमसून रडली. थोरलीने वाकून पाइपाला हात लावला. थरथर खरी होती. तिला याचाच कंटाळा आला. खोटी असती तर तेवढ्यावर घरी जाता आलं असतं.

थोरली पाणीपुरवठा खात्यात, गळती पथकात होती. जमिनीखाली पाणी कुठे गायब होतं ते ऐकून शोधायचं, हे तिचं काम. घरात तिला थोरली म्हणत. धाकटी कधी झालीच नाही, पण नाव आधीच ठेवून झालं होतं. आई गेल्यापासून तिला फारसं काही वाटत नसे. आई गेली त्या दिवशी सगळे रडत होते आणि थोरली गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण नीट बसलंय का ते बघत होती. लोक म्हणाले, पोर धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. झाकण खरंच नीट बसलं नव्हतं.

तिच्या वडिलांचं, अप्पांचं, बधिरपण मात्र डॉक्टरांच्या सहीने कागदावर उतरलेलं होतं. अप्पांनी चपलांच्या दुकानात उभी हयात काढली. म्हणजे खरं तर गुडघ्यावर बसून काढली. दारातून आत येणाऱ्याचा चेहरा ते बघतच नसत. "अर्धा नंबर लहान घातलाय तुम्ही," एवढं म्हणून कामाला लागत. त्या माणसाच्या स्वतःच्या पायांत साखरेने शिरून मज्जातंतू झोपवले. मध्यंतरी बुटात बाटलीचं झाकण पडलं, ते घेऊन अप्पा दिवसभर बाजार हिंडले. संध्याकाळी बूट काढला तेव्हा झाकण बाहेर आलं, मागून रक्त आलं. आता तो अंगठा काळा पडत चालला होता.

"पायात रक्त कुठवर पोचतंय ते तपासायला हवं," दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "याच आठवड्यात. उशीर केलात तर अंगठ्याचं दुखणं गुडघ्यापर्यंत येईल, आणि मग मला गुडघ्यापासून विचार करावा लागेल."

पण आठवडा संपायच्या आत मावशी अप्पांना पाइपबाबांकडे घेऊन गेली. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. कुठलीही गोष्ट अर्धवट करणं तिच्या रक्तात नव्हतं, मूर्खपणासुद्धा. बाबांनी सांगितलं, "प्रवाह चालू असेतो तपासणी नाही, सुई नाही, सुरी नाही. प्रवाह रुसतो." आणि अप्पांनी दवाखान्याचा कागद घडी घालून खिडकी वाजू नये म्हणून फटीत खोचला.

"भावजी, बसा, तुमचा नंबर," मावशी म्हणाली.

अप्पा बसले. डोळे मिटले. पाय स्टुलावर ठेवून पाइपाला टेकवला. बाबा गादीत जरासे रुतले. घुंऽऽऽ.

"आलं," अप्पा हळूच म्हणाले. त्यांच्या तोंडावर जे उमटलं ते थोरलीने आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. "आलं गं. घोट्यापर्यंत आलं."

"वर चढतंय?" बाबा.

"चढतंय!"

थोरलीने खाली पाहिलं. अप्पांचा पाय स्टुलावरून कधीच घसरला होता. तो खाली चटईवर पडला होता, पाइपापासून चांगला हातभर लांब.

"पोटरीपर्यंत आलं," अप्पा म्हणाले.

थोरलीने पाय उचलून परत स्टुलावर ठेवला. अप्पांना तेही कळलं नाही.

घरी आल्यावर ती म्हणाली, "अप्पा, तो पाइप रिकामा आहे."

"तुला काय ठाऊक? फोडून पाहिलास?"

"फोडायला लागत नाही. आमच्याकडे मीटर आहे. पाइपाला बाहेरून दोन कान चिकटवायचे, एक अलीकडे, एक पलीकडे. अलीकडचा हाक मारतो, पलीकडचा ऐकतो. मग पलीकडचा हाक मारतो, अलीकडचा ऐकतो. आपल्याला ऐकू न येणारा आवाज असतो तो, लोखंडातून पाण्यात शिरतो. पाण्याबरोबर गेलेली हाक जरा लवकर पोचते, पाण्याविरुद्ध गेलेली जरा उशिरा. त्या फरकावरून पाण्याचा वेग कळतो."

अप्पांनी विचार केला. "आणि फरकच नसला तर?"

"तर पाणी उभं आहे."

"आणि हाक पोचलीच नाही तर?"

"मग आत पाणीच नाही. हवा आहे. हवेतून ती हाक पलीकडे जात नाही."

"छान आहे," अप्पा म्हणाले. गिऱ्हाइकाने न घेतलेली चप्पल खोक्यात ठेवताना म्हणत, तसंच. "पण थोरले, तुझी आई गेल्यापासून मला पहिल्यांदा काहीतरी जाणवलंय. ते तुझ्या मीटरला मोजता येतं?"

थोरलीने त्यांच्या पायाचं बँडेज बदललं. अंगठ्याचा काळा डाग आता नखापलीकडे गेला होता.

दुसऱ्या दिवशी ती मीटर घेऊनच हॉलमध्ये गेली.

"बाबा, ही आमची थोरली," मावशी कौतुकाने म्हणाली. "सरकारी नोकरीत आहे. तुमचा प्रवाह मोजणार म्हणते."

बाबांची दाढी क्षणभर थांबली, मग हसली. "मोज, पोरी. समुद्राला चमचा लाव."

थोरलीने पाइपाचा गंज घासला, आवाज आत नेणारी जेली लावली, दोन कान पट्ट्यांनी आवळले. गर्दी पाय विसरून पुढे सरकली. पडद्यावर काही वेळ आकडे चाचपडले आणि मग अक्षरं आली.

"सिग्नल नाही," थोरलीने वाचून दाखवलं. "पाइप रिकामा आहे. आत पाण्याचा थेंब नाही आणि कसलाही प्रवाह नाही."

पुढे आलेली गर्दी दोन पावलं मागे सरली. एवढ्यात सगळं संपेल असं थोरलीला वाटलं. नोकरीत नवी असताना तिला असंच वाटायचं, की गळती दाखवली म्हणजे ती बंद होते.

"ऐकलंत?" बाबा गादीवरूनच कडाडले. "सरकारी यंत्र काय म्हणतं? पाणी नाही! थेंब नाही! आणि तरी पाइप थरथरतोय! अरे, याहून मोठा दाखला कुठला? या लोकीचा प्रवाह असता तर यंत्राला सापडला असता. सापडला नाही, म्हणजे तो या लोकीचा नाही!"

"वाहू दे! वाहू दे!"

मावशीने थोरलीला मिठी मारली. "पोरी, सिद्ध केलंस गं!"

बाहेर चपलांच्या ढिगाजवळ बोर्ड लागला, 'प्रवाह सरकारी यंत्राने तपासलेला आहे.' संध्याकाळपर्यंत रांग दुप्पट झाली. एवढी प्रगती थोरलीच्या खात्याने आजवर कधी केली नव्हती.

थोरली घरी येऊन भिंतीकडे बघत बसली. राग यायला हवा होता, तो आला नाही. तिने तेही नोंदवून ठेवलं. मग तिला वाटलं, आपण मीटरवाल्या असून मीटरकडून काही शिकलो नाही. मीटर एकाच टोकाने विचारत नाही, दोन्ही टोकांना विचारतं. आपण फक्त विचारलं, आत काय आहे? थरथर येते कुठून, हे विचारायचं राहिलं. आणि बाबा उभे असतात तेव्हा पाइप गप्प का असतो, हेही.

ती पुन्हा गेली, तेव्हा तिच्याकडे दुसरं यंत्र होतं. गळती शोधायचं. यातले कान हाक मारत नाहीत, नुसतं ऐकतात. एक कान तिने पाइपाच्या या टोकाला लावला, एक त्या टोकाला. जिकडून आवाज येतो, तिकडच्या कानाला तो आधी ऐकू येतो. एवढंच.

बाबा आता निर्धास्त होते. "या, या! यंत्रदेवी आल्या! आज काय सिद्ध करणार?"

"आवाज कुठून येतो ते."

बाबा गादीवर बसले. घुंऽऽऽ. डावीकडच्या कानाला आधी ऐकू आलं. थोरलीने तो भिंतीच्या आणखी जवळ सरकवला. तरी त्यालाच आधी.

"त्या भिंतीमागून येतो," ती म्हणाली.

त्या भिंतीमागे बाबांची साधनाखोली होती. दाराला कडी, कडीला कुलूप. पण आदल्या दिवशीच्या विजयाची नशा बाबांच्या अजून अंगात होती. त्यांनी हात उंचावले. "अर्थात! तोच उगम! तिथेच मी प्रवाहाला आवाहन करतो! यंत्रानेही उगम ओळखला!"

"वाहू दे! वाहू दे!"

हे म्हणाले नसते तर बाबा आजही गादीवर असते. पण समोर मावशी होती, आणि तिला काही अर्धवट करता येत नव्हतं.

"उगम!" मावशीचे डोळे विस्फारले. "म्हणजे इतके दिवस आपण नुसत्या पाइपाला पाय लावत होतो? आणि खरा उगम तिकडे? बाबा, उगमाचं दर्शन घेऊ द्या!"

"तिथे... तिथे सामान्य माणसाला प्रवेश नाही."

"आम्ही सामान्य कुठे राहिलो? पोटरीपर्यंत प्रवाह चढलाय आमच्या! चला गं, चला हो!"

"थांबा! प्रवाह रुसेल!" बाबा ओरडले आणि त्यांना अडवायला ताडकन उठले.

ते उठले आणि पाइप गप्प झाला.

"रुसला," गर्दीतून एक चिंतातुर आवाज आला.

थोरलीने पुढे होऊन फुगीर गादीवर तळहात दाबला. घुंऽऽऽ. हात काढला. शांतता. पुन्हा दाबला. घुंऽऽऽ.

"हसला," तोच आवाज म्हणाला, पण आता जरा शंकेने.

तोवर मावशीच्या भक्तीपुढे कडी टिकली नव्हती. साधनाखोलीचं दार उघडलं. आत खोकी होती. जमिनीपासून छतापर्यंत खोकीच खोकी, आणि प्रत्येक खोक्यावर हसऱ्या पावलाचं चित्र होतं. 'पाय दमले? आम्ही आहोत!' विजेवर चालणारी, पायांना मालीश करणारी यंत्रं. बाबा पूर्वी त्यांचे विक्रेते होते. माल खपला नाही, कंपनी उठली, खोकी उरली. त्यांतलं एक यंत्र सायकलच्या ट्यूबने पाइपाला करकचून बांधलेलं होतं, आणि त्याची वायर भिंतीच्या भोकातून हॉलमध्ये, चटईखालून, थेट गादीत जात होती. गादीत बटण होतं. बटणावर बाबा होते.

मावशीने उगमाकडे डोळे भरून पाहिलं. "हे..." ती म्हणाली, "हे तर माझ्या नणंदेकडे आहे. ती त्यावर कपडे वाळत घालते."

बाबांना कोणी मारलं नाही. सगळे अनवाणी होते, आणि मारण्याचं साहित्य दाराबाहेर होतं. बाबा म्हणाले, "यंत्र हे निमित्त आहे!" पहिल्या दिवशी ज्यांच्या पोटरीत गुदगुल्या झाल्या होत्या ते आजोबा खोकं उलटसुलट करून म्हणाले, "पण हे हप्त्याने मिळेल का?" पोलीस आले तेव्हा बाबा त्यांना हमीपत्राच्या अटी समजावून देत होते.

थोरली अप्पांकडे वळली. ते अजून पाइपाशी, खुर्चीत बसले होते.

"चला, अप्पा. दवाखान्यात."

"कशाला?" अप्पा शांतपणे म्हणाले. "बाबा लबाड निघाला, मान्य. पण मशीन खरं आहे ना? थरथर खरी आहे ना? मग बाबा सोड, मशीन घेऊ. मला जाणवतं, थोरले. हे तर खोटं नाही?"

आता खरी पंचाईत झाली. बाबा पकडणं सोपं होतं. बाबा गादीत होता. हे मात्र अप्पांच्या आत होतं, आणि तिथे बाहेरून कान लावायला जागा नव्हती.

थोरलीने मावशीला गादीवर बसवलं. घुंऽऽऽ सुरू झालं.

"डोळे मिटा, अप्पा."

अप्पांनी मिटले. थोरली त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली, दुकानात ते बसायचे तशी. त्यांचा पाय मांडीवर घेऊन टाच तळहातात धरली.

"आता जाणवतंय?"

"हो. वाहतंय."

"आणि आता?"

"आता जास्त. घोट्याच्या वर आलं."

तिने टाचेत अंगठ्याचं नख रुतवलं. "आणि आता?"

"छान वाटतंय गं."

"डोळे उघडा."

अप्पांनी उघडले. त्यांचा पाय थोरलीच्या मांडीवर होता. पाइप पलीकडे, एकटाच थरथरत होता. टाचेवर नखाची लालभडक चंद्रकोर उमटली होती.

"पहिल्यापासून इथेच होता," ती म्हणाली.

मावशी गादीवरून उठली. घुंऽ थांबलं.

अप्पांनी चष्मा नाकावर नीट बसवला, पुढे वाकले, आणि दुकानात आलेल्या कोणा परक्याचा पाय बघावा तसा तो उलटसुलट करून पाहिला. अंगठा पाहिला. नखापलीकडे गेलेला काळा डाग पाहिला.

"हा पाय माझ्या दुकानात आला असता," ते म्हणाले, "तर मी चप्पल दाखवली नसती. त्याच पावली दवाखान्यात पाठवला असता." आणि पाय खाली ठेवत म्हणाले, "मी इतके दिवस डोळेच मिटून होतो गं."

दवाखान्याच्या लहानशा खोलीत डॉक्टरीणबाईंनी अप्पांच्या पायावर जेली लावली. थोरलीने जेली बघून मान हलवली. ओळखीची होती. डॉक्टरीणबाईंनी पेनाएवढी कांडी पावलावर टेकवली. त्या आवाज आत पाठवत होत्या. वाहत्या रक्तावर आपटून परत येताना त्या आवाजाचा सूर बदलतो, आणि सूर किती बदलला त्यावरून रक्त किती वेगाने वाहतंय ते कळतं. थोरलीच्या कामाचाच हा चुलतभाऊ.

पावलावर कांडी फिरली. नुसती खरखर. अप्पांनी थोरलीकडे पाहिलं. तिने चेहरा हलू दिला नाही. तो तसाही हलत नव्हता.

कांडी घोट्यामागे गेली. खरखर. जरा खाली. खरखर. आणि मग, एकदम:

व्हुश्श. व्हुश्श. व्हुश्श.

"हे काय?" अप्पा दचकले.

"तुम्ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढची रक्तवाहिनी तुंबली आहे, मागची चालू आहे. अंगठा वाचायचा नाही, आजोबा. आठ दिवस आधी आला असतात तर कदाचित वाचला असता. पाय वाचवू आपण."

"हा माझा आवाज?" अप्पांनी विचारलं. "पण मला तर काहीच जाणवत नाहीये."

"जाणवणार नाही. तरी तो वाहतोय."

व्हुश्श. व्हुश्श. थोरलीने आजवर गावभरचे पाइप ऐकले होते, हा ऐकायचा राहिला होता. ती इतका वेळ एका पायावर पाय टाकून बसली होती, की तिचा पाय झोपला होता. आता त्याला मुंग्या आल्या. कचाकचा, जीवघेण्या. तिने पाय झाडला नाही. येऊ दिल्या.

अप्पांचा अंगठा गेला. ते अजून दुकानात जाऊन बसतात, आणि गिऱ्हाइकाला चपलेआधी सांगतात, रोज रात्री तळपाय बघा. स्वतःला दिसत नसेल तर आरसा धरा, नाहीतर पोरांना बघायला सांगा.

आपण बाकीच्यांनीही तेवढंच करायचं आहे. मीटर एवढंसं यंत्र, पण एका टोकाच्या उत्तरावर ते कधी विसंबत नाही. या टोकाला विचारतं, त्या टोकाला विचारतं, आणि मगच बोलतं. चमत्काराला एवढंच विचारा: हे कुठून येतंय, आणि ते तिथे नसतानाही मला जाणवेल का? खरं असेल ते दोन्हीकडून विचारलं तरी टिकतं. जे टिकणार नाही, ते तुम्हाला आधीच डोळे मिटायला सांगतं.

अप्पा हेच जरा थोडक्यात सांगतात. "डोळे मिटा म्हणणाऱ्यापुढे," ते म्हणतात, "चप्पल काढायची नाही."